जवसाचे छत : सेंद्रिय द्रव्ये, यंत्रबाहू आणि वास्तुरचना

जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या वनस्पतिउद्यानात २०२१ साली एक लहानसा मंडप उभारण्यात आला. त्याच्या छताखाली अवघी ४६ चौरस मीटर जागा आहे. साडेचार ते साडेपाच मीटर लांबीचे पंधरा जाळीदार घटक कमानीसारखे वाकून एकमेकांना टेकलेले आहेत. प्रत्येकाचे वजन सरासरी १०५ किलोग्रॅम, आणि साऱ्या सांगाड्याचे मिळून सुमारे दीड टन. हे घटक पोलादाचे नाहीत, काँक्रीटचे नाहीत आणि लाकडाचेही नाहीत. जवसाच्या देठातून निघणाऱ्या तंतूचे ते बनविलेले आहेत. ज्या वनस्पतीचे बी महाराष्ट्रात तेलासाठी व चटणीसाठी घरोघर ओळखीचे आहे, तिचीच ही तंतुप्रधान जात होय. ती उंच आणि सरळ वाढते, शेंड्याखेरीज तिला फारशा फांद्या फुटत नाहीत आणि तिच्या तंतूपासून यूरोपात शतकानुशतके लिनन नावाचे कापड विणले जात आले आहे. ते सूत भार पेलणाऱ्या छताच्या कामी आणण्याचा हा उपक्रम स्टुटगार्ट व फ्रायबुर्ग येथील दोन विद्यापीठांच्या सहकार्यातून झाला, आणि त्यामागे आखिम मेंगेस या वास्तुशास्त्रज्ञाच्या दीर्घ संशोधनाची परंपरा आहे. त्या संशोधनाचे स्वरूप, त्याची रीत आणि त्याचा अद्याप न सुटलेला भाग यांचा येथे विचार करावयाचा आहे.

मेंगेस यांचा जन्म १९७५ सालचा. स्टुटगार्ट विद्यापीठात २००८ साली संगणकीय अभिकल्प व बांधकाम यांच्या अभ्यासासाठी जी संस्था स्थापन झाली तिचे ते संस्थापक संचालक. रचना-अभियंते यान क्निपर्स हे त्याच विद्यापीठातील भारवाही रचनांच्या संस्थेचे प्रमुख. या दोघांनी मिळून २०१० पासून जवळजवळ दरवर्षी एक प्रायोगिक मंडप बांधला. २०२३ साली मेंगेस यांना जर्मनीतील लाइब्नित्स पारितोषिक मिळाले. ते बहुधा निसर्गविज्ञाने व मानव्यविद्या यांतील संशोधकांच्या वाट्यास येते, वास्तुशास्त्रज्ञाच्या क्वचित.

स्टुटगार्टची भूमी अशा कार्यास नवखी नव्हती. फ्राय ओटो यांनी १९६४ साली याच विद्यापीठात हलक्या रचनांच्या अभ्यासाची संस्था काढली होती. साबणाच्या फेसाचा पडदा तारेच्या चौकटीत धरला असता तो आपोआप कमीत कमी क्षेत्रफळाचा आकार घेतो, हे पाहून ओटो तंबूंचे व तारजाळ्यांचे आकार शोधीत. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकच्या छतामागे ही दृष्टी आहे. तत्पूर्वी १९६१ साली बर्लिन येथे जीवशास्त्रज्ञ योहान-गेऱ्हार्ड हेल्म्के यांच्यासह त्यांनी जीवशास्त्र आणि बांधकाम यांचा संयुक्त अभ्यासगट स्थापन केला होता. आकार कागदावर ठरवून द्रव्यावर लादावयाचा नाही, द्रव्यालाच तो शोधू द्यावयाचा, हा विचार ओटोंचा आहे. मेंगेस यांनी त्यात भर घातली ती दोन साधनांची. ओटोंजवळ साबण, दोरा आणि छायाचित्र होते. मेंगेस यांच्याजवळ द्रव्याच्या वर्तनाचे गणित आगाऊ करणारा संगणक आणि त्या गणिताबरहुकूम हालचाल करणारा यंत्रबाहू आहे.

नेहमीच्या बांधकामात याच्या उलट क्रम असतो. वास्तुशिल्पी आकार ठरवितो, अभियंता त्याची मापे काढतो, आणि मग ठरलेल्या मापांत बसेल असे द्रव्य निवडले जाते. या क्रमात द्रव्याकडून एकच अपेक्षा असते, ती म्हणजे त्याने सर्वत्र सारखे वागावे. पोलाद असे वागते. लाकूड वागत नाही. ते रेषेच्या दिशेने बळकट आणि आडवे दुबळे असते, शिवाय पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. सुतार हा दोष मानून त्याचा बंदोबस्त करीत आला आहे. दाराच्या चौकटी पावसाळ्यात का अडकतात हे कोकणातील कोणासही सांगावे लागत नाही.

मेंगेस यांनी हाच दोष कामास जुंपला. स्टुटगार्टजवळील उरबाख या गावी २०१९ साली १४ मीटर उंचीचा एक लाकडी मनोरा उभारण्यात आला. त्याचे बारा वक्र घटक स्प्रूसच्या सपाट फळ्यांपासून बनले, परंतु त्यांना कोणत्याही यंत्राने वाकविले नाही. एकमेकांवर आडवे-उभे रेषेचे थर देऊन फळ्या ओलसर अवस्थेत चिकटविल्या आणि मग वाळवणीच्या भट्टीत घातल्या. लाकडातील ओलावा सुमारे २२ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर येताना एक थर आडवा आक्रसू लागला, दुसऱ्या थराने त्यास विरोध केला, आणि या ओढाताणीत फळी हव्या तेवढी वाकून बाहेर आली. किती वाकेल हे आधी गणिताने काढलेले होते. देवदार कुळातील वृक्षांची सुकी फळे हवेतील ओलाव्याप्रमाणे खवले उघडतात व मिटतात, त्याच तत्त्वाचा हा उपयोग होय. ९० मिलिमीटर जाडीच्या या भिंतींना वाकविण्यास जे बळ अन्यथा दाबयंत्राकडून घ्यावे लागले असते ते वाळणाऱ्या लाकडाने पुरविले.

तंतूंच्या बाबतीत मात्र यंत्राचा सहभाग टाळता येत नाही, आणि मंडपांच्या मालिकेतील खरा रस येथेच आहे. २०१२ चा मंडप शेवंड्याच्या कवचाच्या अभ्यासातून निघाला. त्या कवचातील कायटिनचे तंतू जेथे भार एकाच दिशेने येतो तेथे समांतर असतात, आणि जेथे तो कोठूनही येऊ शकतो तेथे थराथराने फिरत गेलेले असतात. काच व कार्बन यांच्या तंतूंनी ही मांडणी अनुसरून आठ मीटर व्यासाचे कवच तयार करण्यात आले. त्याची जाडी अवघी चार मिलिमीटर आणि वजन ३२० किलोग्रॅमहून कमी होते. पुढे २०१३-१४ च्या मंडपासाठी भुंगेऱ्यांच्या कठीण पंखांचा अभ्यास झाला. हे पंख दुहेरी असून दोन पापुद्र्यांना जोडणारे बारीक खांब मधल्या पोकळीत असतात. त्यावरून ३६ पोकळ घटक वळण्यात आले आणि ५० चौरस मीटरचा मंडप ५९३ किलोग्रॅम वजनात झाला.

‘वळण्यात आले’ हा शब्दप्रयोग येथे शब्दशः घ्यावयाचा आहे. तंतू व राळ यांच्या संमिश्र द्रव्याची वस्तू करावयाची तर एरवी आधी साचा लागतो. साच्यावर तंतूंचे थर द्यावयाचे, राळ सुकली की वस्तू काढून घ्यावयाची. एकाच आकाराच्या शेकडो होड्या करावयाच्या असतील तर हे परवडते. इमारतीचा प्रत्येक घटक निराळा असेल तर प्रत्येकासाठी नवा साचा करून तो टाकून द्यावा लागतो, आणि साच्यातच इतके द्रव्य खर्च होते की घटकाच्या हलकेपणाला काही अर्थ उरत नाही. स्टुटगार्टच्या संशोधकांनी साचाच काढून टाकला. दोन चौकटी समोरासमोर ठेवून त्यांच्या कडांना खुंट्या बसविल्या. राळेतून भिजवून आणलेला तंतूंचा पेड यंत्रबाहू एका खुंटीवरून पलीकडच्या खुंटीवर नेतो, तेथून परत आणतो, आणि असे शेकडो वेळा करतो. प्रत्येक पेड सुरुवातीला सरळ रेषेत ताणलेला असतो. परंतु नंतर येणारा पेड आधीच्या पेडावर आडवा टेकतो, त्याला दाबतो, त्यामुळे दोन्ही किंचित वाकतात. सर्व पेड पडल्यावर मध्ये एक बाकदार, कमरेपाशी निमुळता पृष्ठभाग तयार झालेला असतो. तो कोणीही कोरलेला किंवा ओतलेला नसतो. राळ भट्टीत घट्ट केली की चौकटी काढून घेतात, आणि त्याच चौकटी थोड्या हलवून पुढच्या निराळ्या घटकासाठी वापरतात.

या रीतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गुंडाळण्याचा क्रम. तेच पेड, त्याच खुंट्या, परंतु क्रम बदलला तर आकार बदलतो; काही क्रमांत तर पेड एकमेकांना टेकतच नाहीत आणि घटक ढिला राहतो. म्हणून अभिकल्पकाचे काम येथे आकार काढण्याचे राहत नाही, क्रम रचण्याचे होते. बाज विणणाऱ्याला हे नवीन वाटणार नाही. फरक असा की, बाजेचा विणकर एक-दोन ठरलेले क्रम आयुष्यभर वापरतो, येथे मात्र प्रत्येक घटकाचा क्रम स्वतंत्र असून हजारो फेऱ्यांत एकही खुंटी चुकून चालत नाही. यंत्रबाहूची गरज एवढ्याचसाठी आहे. त्यात वास्तुकलेसाठी म्हणून काही खास नाही. मोटारीच्या कारखान्यात सांधे जोडणारा सहा अक्षांचा बाहूच तेथून उचलून आणलेला आहे.

तथापि यंत्राने दिलेल्या आज्ञा पाळणे एवढ्यावर नेहमीच भागत नाही. २०१४-१५ च्या मंडपात हवेने फुगविलेल्या पातळ पडद्याच्या आत यंत्रबाहू ठेवला होता आणि तो आतून कार्बनचे तंतू चिकटवीत होता. कल्पना पाणकोळ्याची. पाण्याखाली हवेचा बुडबुडा धरून त्याला आतून धाग्यांनी बळकटी देणारा हा प्राणी आपले घर असेच बांधतो. परंतु मऊ पडदा बाहूच्या दाबाने हलतो, आणि तंतू वाढत जातात तसतसा त्याचा ताठरपणाही बदलतो. म्हणून बाहूच्या टोकाला दाब मोजणारे साधन बसवून त्याच्या हालचाली तेथल्या तेथे सुधारीत नेण्याची व्यवस्था केली गेली. द्रव्य बदलते आहे हे गृहीत धरून काम करावयाचे, ही सवय पुढे नैसर्गिक तंतूंच्या कामी आली.

२०१९ साली हाइलब्रोन येथील उद्यानप्रदर्शनात या रीतीचे सामर्थ्य सिद्ध झाले. ६० घटक, त्यांत दीड लाख मीटर काच व कार्बन तंतू, खांबाविना २३ मीटरचा गाळा, सुमारे ४०० चौरस मीटर जागा, आणि भारवाही रचनेचे वजन चौरस मीटरमागे अवघे ७.६ किलोग्रॅम. काचेच्या तंतूंनी आधी जाळी तयार होई. तिच्यावर, जेथे भार अधिक तेथेच, काळे कार्बनचे पेड स्नायूंसारखे चढविले जात. अशा रचनेचे नियम बांधकामसंहितेत नसल्यामुळे पूर्ण आकाराचा घटक दाबून पाहावा लागला, आणि त्याने २५० किलोन्यूटनपर्यंत, म्हणजे सुमारे २५ टन, भार पेलला.

एवढे यश हाती असताना जवसाकडे वळण्याचे कारण काय? कारण काचेचा तंतू सुमारे १४०० अंशांच्या भट्टीतून येतो, आणि कार्बनचा तंतू खनिज तेलापासून केलेल्या बहुवारिकाला हजार अंशांहून अधिक तापवून होतो. द्रव्य थोडे लागते हे खरे, पण जे लागते ते फार महाग ऊर्जेचे. बांधकाम व इमारतींचा वापर यांमुळे जगातील ऊर्जाजन्य कार्बन उत्सर्जनाचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग घडतो, हे ध्यानात घेता हलकेपणाचा हिशेब केवळ किलोग्रॅममध्ये मांडून चालणार नव्हते. जवस सुमारे शंभर दिवसांत तयार होतो, मध्य यूरोपातच पिकतो आणि त्याचा तंतू काचेच्या तुलनेत पुष्कळ हलका असतो. एकाच वजनाच्या मानाने पाहिले तर त्याचा ताठरपणा काचेच्या तोडीचा ठरतो. त्याच्या पेशींच्या भित्तिकांतील सेल्युलोजचे सूक्ष्म धागे जवळजवळ अक्षाला समांतर असतात, हे या ताठरपणाचे मूळ होय.

मात्र या तंतूचे स्वभाव वेगळे आहेत. पीक उपटल्यावर देठ शेतातच पसरून ठेवतात. दव आणि बुरशी यांच्या योगाने सालीतील चिकट द्रव्य कुजते आणि तंतू सुटा होतो. अंबाडीच्या पेंढ्या डोहात कुजवून वाख काढण्याची आपल्याकडील रीत याच कुळातली. पाऊस अधिक पडला, बुरशी अधिक वाढली, तर त्या वर्षीचा तंतू दुबळा. एकाच शेतातील देठाच्या बुडाचा व शेंड्याचा तंतूही सारखा नसतो. दुसरी अडचण लांबीची. काचेचा तंतू हवा तितका लांब ओढता येतो, जवसाचा मूळ तंतू मात्र दोन-पाच सेंटिमीटरच असतो. सलग सूत करावयाचे तर त्याला पीळ द्यावा लागतो. दोरखंड वळणाऱ्याच्या दृष्टीने पीळ म्हणजे बळकटी. येथे तोच नडतो. पिळामुळे तंतू अक्षापासून तिरपे होतात, ताठरपणा उतरतो, आणि घट्ट पिळाच्या आत राळ शिरत नाही. पीळ अजिबात न दिला तर खुंटीवरून ओढताना पेड तुटतो. या दोहोंच्या मधला मार्ग काढावा लागतो. तिसरी गोष्ट अशी की, जवस पाणी पितो आणि राळ पाण्याला दूर लोटते. त्यामुळे दोघांची पकड काचेइतकी घट्ट बसत नाही.

काच आणि कार्बन यांच्या जोडीत कामाची वाटणी करता येत होती. एकच तंतू वापरावयाचा म्हटल्यावर ती सोय गेली, आणि येथे फ्रायबुर्गचे वनस्पतिशास्त्रज्ञ उपयोगी पडले. तेथील वनस्पतिउद्यानाचे संचालक थोमास श्पेक हे वनस्पतींच्या यांत्रिक रचनेचे अभ्यासक आहेत. सग्वारो या उंच खांबासारख्या निवडुंगाचा काष्ठगाभा आतून पोकळ आणि जाळीदार असतो, व जाळीचे भाग एकमेकांत मिसळून वाढलेले असतात. दख्खनच्या माळावर आढळणाऱ्या फड्या निवडुंगाच्या फडीत काष्ठतंतूंच्या जाळ्या थराथराने असून ते थर परस्परांना जोडलेले असतात. फ्रायबुर्गच्या घटकांत जवसाचे पेड या दोन नमुन्यांवरून मांडलेले आहेत. बळकट तंतू मिळत नसेल तर मांडणी बळकट करावयाची, असा हा उपाय.

त्याची किंमत मोजली पाहिजे. दीड टनाचा सांगाडा ४६ चौरस मीटरवर, म्हणजे चौरस मीटरमागे सुमारे ३३ किलोग्रॅम. हाइलब्रोनच्या चौपटीहून अधिक, आणि तेथला गाळा तर कितीतरी मोठा होता. दोन्ही इमारतींचे हेतू भिन्न असल्यामुळे ही तुलना काटेकोर नव्हे, तरी दिशा दाखविण्यास पुरेशी आहे. पोलाद-काँक्रीटच्या छतापुढे ३३ किलोग्रॅम हा आकडा अजूनही फार लहान आहे हेही तितकेच खरे.

याहून अवघड प्रश्न राळेचा आहे, आणि या विषयावरील प्रशंसापर लेखनात त्याचा उल्लेख बहुधा ओझरता असतो. अशा संमिश्रात राळेचा वाटा तंतूच्या बरोबरीचा, पुष्कळदा त्याहून अधिकच असतो. प्रचलित इपॉक्सी राळ खनिज तेलापासून होते, आणि एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. तिच्यात अडकलेला जवस शेतात परत जाऊन कुजू शकत नाही. त्यामुळे जवसाचा तंतू विघटनशील आहे हे विधान खरे असले तरी जवसाचे छत विघटनशील आहे असे त्यावरून निष्पन्न होत नाही. फ्रायबुर्गच्या मंडपावर पावसापासून रक्षणासाठी पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक आवरणही आहे. म्हणजे वनस्पतीच्या सांगाड्याभोवती व सांगाड्याच्या आत, दोन्ही ठिकाणी, कृत्रिम बहुवारिक आलेच.

वनस्पतिजन्य राळेवर अनेक देशांत काम चालू आहे, आणि त्यात एक मौजेचा योग असा की, अशा राळेसाठी वापरल्या जाणाऱ्या तेलांपैकी एक जवसाचेच आहे. एकोणिसाव्या शतकात या तेलापासून लिनोलियम तयार होऊ लागले, त्याच जातीचा हा गुण: हवेशी संयोग पावून घट्ट होण्याचा. तेलाच्या रेणूत योग्य तो बदल केला की ते इपॉक्सीसारखे जोडले जाते. परंतु अशी राळ सामान्यतः कमी ताठर असते आणि उष्णतेने लवकर मऊ पडते, म्हणून बहुधा खनिज राळेत मिसळूनच वापरावी लागते. शिवाय राळेचा उगम वनस्पतीत आहे एवढ्याने तिचे विघटन होईलच असे नाही. उगम आणि अंत हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. ‘सेंद्रिय’ किंवा ‘शाश्वत’ हे विशेषण लावताना कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले जात आहे हे संशोधकाने स्पष्ट करावयास हवे. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत या दोहोंची सरमिसळ वारंवार आढळते.

पुढचे पाऊल २०२४ साली वांगेन या गावच्या उद्यानप्रदर्शनात पडले. येथील ३८० चौरस मीटरचा मंडप कायम वापरासाठी बांधलेला आहे. त्याच्या लाटांसारख्या छतात पातळ लाकडी तक्ते वर असून यंत्रबाहूने वळलेले जवसाचे जाळीदार घटक त्यांच्या खाली जोडलेले आहेत. लाकूड दाब घेते, जवस ताण घेतो, आणि काच-कार्बनच्या जोडीत जी कामाची वाटणी होती ती दोन वनस्पतींत पुन्हा सापडते. जवस लाकडाच्या आडोशाला असल्याने त्याचा पावसाशी सरळ संबंध येत नाही. वांगेनला पूर्वी कापडगिरणीचा मोठा व्यवसाय होता, हा योगायोग संशोधकांनीही आवर्जून नमूद केला आहे. राळेचा प्रश्न लाकडाने सुटत नाही, आणि त्याच्या जोडीला आता दुसरा उभा राहतो. सततच्या भाराखाली वनस्पतीचा तंतू हळूहळू सैलावतो. तो किती सैलावेल हे प्रयोगशाळेतील अल्प मुदतीच्या चाचणीवरून पुरते कळत नाही. तात्पुरत्या मंडपांना ही परीक्षा कधी द्यावीच लागली नाही. वांगेनच्या छताला ती ऋतूंमागून ऋतू द्यावयाची आहे.